ट्रोलधाड येते तेव्हा: पहिल्या तासापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

सगळ्यात आधी फोन दुसऱ्याच्या हातात द्या. पासवर्ड, तक्रार, खुलासा हे सगळं त्यानंतर.

माझ्या मैत्रिणीच्या जुन्या पोस्टमधलं अर्धं वाक्य कापून कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट फिरवला, तेव्हा मी दुपारी तिच्याकडे पोचले. सकाळपासून ती जेवली नव्हती. आलेला प्रत्येक मेसेज वाचत होती आणि मधूनच एखाद्याला उत्तर देत होती. तिनं उत्तर दिलं की त्याचाही स्क्रीनशॉट निघायचा आणि नवी माणसं तुटून पडायची. मी फोन मागितला. देताना तिनं विचारलं, "पण काही महत्त्वाचं आलं तर?" मी म्हटलं, "मी सांगेन ना." पुढचे नऊ दिवस तिचे मेसेज मी वाचले. तेव्हापासून अशा काही जणांसोबत बसले आहे, आणि खाली लिहिलंय ते सगळं त्या बसण्यातून आलेलं आहे.

भांडखोर माणूस की मोहीम?

"दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल" हा सल्ला सगळेच देतात. एकटा भांडखोर माणूस असेल तर तो सल्ला चालतो, कारण दाद मिळाली नाही की तो कंटाळतो. मोहिमेला मात्र कंटाळा येत नाही, कारण तिथली माणसं बदलत राहतात. कुठल्यातरी बंद ग्रुपमध्ये लक्ष्य ठरतं, मजकूर लिहिला जातो, हॅशटॅग आणि वेळ ठरते, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो लोकांचा उत्स्फूर्त संताप वाटतो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं गेमरगेट, म्हणजे व्हिडिओ गेमच्या जगातल्या स्त्रियांविरुद्धची छळमोहीम, हे याचं खूप अभ्यासलं गेलेलं उदाहरण. गेम डेव्हलपर झोई क्विन यांच्याबद्दल त्यांच्या माजी जोडीदारानं एक लांबलचक पोस्ट लिहिली. त्यातून असा आरोप पसरला की एका पत्रकाराशी असलेल्या संबंधांमुळे क्विन यांच्या गेमचं चांगलं परीक्षण छापून आलं. असं परीक्षण त्या पत्रकारानं लिहिलेलंच नव्हतं. हे तपासायला पाच मिनिटं पुरली असती, तरी महिनोन्‌महिने धमक्या येत राहिल्या. क्विन यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. ज्या चॅटरूममध्ये हे सगळं ठरत होतं तिथे गुपचूप बसून त्यांनी नोंदी जपल्या आणि सप्टेंबरमध्ये त्या जाहीर केल्या. संतापामागचं नियोजन त्यामुळे उघड्यावर आलं.

मोहीम ओळखायची एक साधी खूण सांगते. मैत्रिणीच्या इनबॉक्समध्ये अकरा वेगवेगळ्या खात्यांवरून 'जाहिर निशेध' आलेला होता. निषेध चुकीचा लिहिणं समजू शकतं, पण अकरा जणांनी दोन्ही शब्द सारखेच चुकीचे लिहायचे आणि शेवटी तीनच उद्गारचिन्हं द्यायची, हे आपोआप होत नाही. तोच मजकूर, तासाभरात अचानक वाढलेला आकडा, गेल्याच महिन्यात उघडलेली खाती, आणि तुमच्या विषयाशी कधीही संबंध न आलेली माणसं: यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं की ही मोहीम आहे असं धरून कामाला लागा.

पहिला तास: दारं लावून घ्या

फोन ज्याच्याकडे दिलाय त्यानं पहिल्या तासात फक्त दारं लावायची. कुणाला उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही.

ईमेलपासून सुरुवात करा. ईमेल गेलं तर बाकी सगळी खाती त्यामागून जातात. नवा, लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा. तिचा कोड एसएमएसवर मागवण्यापेक्षा ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपवर घ्या. तुमच्या नावानं दुसरं सिम काढून एसएमएस पळवता येतात, ॲपमधला कोड त्या वाटेनं पळवता येत नाही. त्यानंतर सोशल मीडियाची खाती, मग बँक.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) खातं 'प्रोटेक्टेड' करा, म्हणजे पोस्ट फक्त फॉलो करणाऱ्यांनाच दिसतात. नुसतं ब्लॉक करून भागत नाही, कारण नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट दिसतात. इन्स्टाग्रामवर 'लिमिट्स' नावाची सोय आहे. ती चालू केली की तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांचे किंवा नुकतेच फॉलो करू लागलेल्यांचे मेसेज आणि कमेंट काही दिवस समोर येत नाहीत. व्हॉट्सॲपवर 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवा आणि अनोळखी कॉल 'सायलेन्स' करा. रात्रभर वाजणारा फोन माणसाला जितका खचवतो तितकी शिवी खचवत नाही.

खातं घाईघाईनं डिलीट मात्र करू नका. मनात येतं, मलाही तिच्यासाठी तसंच वाटलं होतं. पण खात्यासोबत धमक्यांचे पुरावे जातात, आणि पुढे तुमचंच नाव घेऊन कुणी तोतया खातं उघडू शकतं.

घरच्यांना त्याच तासात सांगा. हे फार जण टाळतात, लाजेनं किंवा "उगाच काळजी करतील" म्हणून. मग आईला अनोळखी नंबरवरून फोन येतो, "तुमची मुलगी काय करते माहितीये का?", आणि ती बिचारी गोंधळून पत्ता सांगून बसते. घरातल्या प्रत्येकाला एकच वाक्य शिकवा: "मी काही बोलणार नाही, लेखी पाठवा." आणि फोन ठेवायचा.

पहिला दिवस: नोंदवही

तक्रार करायच्या आधी पुरावा घ्या. तक्रारीनंतर पोस्ट काढली गेली, की तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. आम्ही पहिल्या दिवशी नेमकं हेच चुकलो. सगळ्यात वाईट अशा दोन धमक्या आधी रिपोर्ट केल्या. त्या तासाभरात उडाल्या, आणि नंतर तक्रार लिहून घेणाऱ्यासमोर आमच्याकडे एका धमकीचा अर्धवट कापलेला फोटो होता. त्यात ना तारीख होती, ना खात्याचं नाव.

स्क्रीनशॉटमध्ये पूर्ण पोस्ट, खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि शक्यतो ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता आलाच पाहिजे. म्हणून हे काम फोनपेक्षा कॉम्प्युटरवर करा. पोस्टची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. त्या खात्याच्या प्रोफाइल पानाचाही फोटो घ्या, कारण माणसं नाव बदलून मोकळी होतात. सार्वजनिक पान असेल तर वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या संकेतस्थळावर त्याची प्रत साठवता येते. तुम्ही फोटोत फेरफार केला असा आरोप झाला तर ती त्रयस्थ प्रत कामाला येते. व्हॉट्सॲपवरच्या धमक्या डिलीट करू नका, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि व्हॉइस मेसेज वेगळे उतरवून घ्या.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये जातं. आमच्या शीटमध्ये सहा रकाने होते: क्रमांक, तारीख-वेळ, कुठे आलं, कुणाकडून, लिंक, आणि वर्ग. वर्ग तीनच. 'शिवी', 'खोटं', 'धमकी'. मदत या वर्गवारीनंच होते. शिव्यांचं काही करायचं नाही, मोजायच्या आणि म्यूट करायच्या. खोटं जे असेल त्याला एकदाच उत्तर द्यायचं, त्याबद्दल पुढे लिहिते. धमकीत ठिकाण, वेळ, हत्यार, घरच्यांची नावं यांतलं काहीही असेल तर ती शीटमध्ये पडून राहता कामा नये. त्याच दिवशी पोलिसांकडे जायचं.

नऊ दिवसांत आमच्याकडे चारशे बारा नोंदी झाल्या. त्यातल्या धमक्या किती? सात. मैत्रिणीला हा आकडा सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या डोक्यात त्या चारशे बाराही धमक्या होत्या. सात धमक्यांचं काय करायचं हे तिला कळत होतं.

शीट भरणारा माणूसही माणूसच असतो. दिवसाला दोन तासांच्या वर हे काम करू नका, झोपायच्या आधी तर अजिबात नाही. दुसरं कुणी असेल तर पाळ्या लावा. मी लावल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी माझेच हात थरथरायला लागले.

पत्ता किंवा फोटो बाहेर आला तर

घराचा पत्ता, फोन नंबर, मुलांची शाळा उघड करणं म्हणजे डॉक्सिंग. इथे वेग महत्त्वाचा. ज्या पोस्टमध्ये पत्ता आहे ती रिपोर्ट करताना 'छळ' असं मोघम कारण निवडू नका, 'खासगी माहिती उघड केली' हेच निवडा. जवळपास सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर हा वेगळा नियम आहे. गुगलच्या शोधात तुमचा नंबर किंवा पत्ता दिसत असेल तर तो निकालांमधून काढण्याची विनंती करता येते. २०२२ मध्ये गुगलनं ही सोय बरीच वाढवली. मूळ पान तसंच राहतं, पण नाव टाकून शोधणाऱ्याला ते सापडणं अवघड होतं.

जवळच्या पोलीस ठाण्याला आधीच कळवून ठेवा, प्रत्यक्ष काही घडलं नसलं तरी. स्वॅटिंग नावाचा एक प्रकार आहे. तुमच्या पत्त्यावर ओलीसनाट्य किंवा खून चालू असल्याचा खोटा फोन करून सशस्त्र पोलीस पाठवायचे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात अशा एका खोट्या फोनमुळे पोलिसांच्या गोळीनं एक माणूस मेला. ज्या ऑनलाइन गेमच्या भांडणातून तो फोन झाला, त्या भांडणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. "या पत्त्याबद्दल खोटा फोन येऊ शकतो" ही नोंद ठाण्यात आधीपासून असली तर दारावर येणारे पोलीस निदान सावध असतील.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा वापरा. तिथे फोटो कुणाकडेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि तोच फोटो तिथे टाकला गेला तर ओळखून अडवला जातो. फोटो त्यातली व्यक्ती अठरा वर्षांखालची असताना काढलेला असेल तर त्यासाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे. पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की पुन्हा मागतात.

खुलासा एकदाच, आणि वरिष्ठांना आधी

खुलासा द्यावा का? शिव्यांचा मारा असेल तर नको. खोटी गोष्ट पसरून काम, नातं किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल तर द्यावा, पण एकदाच, लेखी, आणि खरी गोष्ट पहिल्या वाक्यात ठेवून. "माझ्यावर असा आरोप होतोय की..." अशी सुरुवात केली, तर स्क्रीनशॉटमध्ये तेवढंच वाक्य फिरेल. आधी खरं काय ते, मग काय कापलं गेलं, मग पूर्ण मूळ मजकुराची लिंक. विरोधकांचा हॅशटॅग लिहू नका. खुलासा टाकल्यावर खालच्या कमेंट बंद. तुमची चूक झाली असेल तर ती तिथेच स्पष्ट मान्य करा. चूक मान्य केली म्हणून धमक्या योग्य ठरत नाहीत, आणि मोहिमेत सामील नसलेल्या वाचकाला तो प्रामाणिकपणा कळतो.

नोकरी करत असाल तर वरिष्ठांना हे तुमच्याकडून आधी कळायला हवं. मोहिमेचं आवडतं हत्यार म्हणजे मालकाला किंवा जाहिरातदाराला ईमेलचा ढीग पाठवणं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गेमरगेटवाल्यांनी ठरवून इंटेलला ईमेल पाठवले आणि इंटेलनं गामासूत्रा या गेमविषयक संकेतस्थळावरच्या जाहिराती काढून घेतल्या. टीका झाल्यावर इंटेलनं माफी मागितली, आणि नोव्हेंबरमध्ये जाहिराती पुन्हा सुरू झाल्या. दरम्यान त्या मोहिमेला मात्र कळून चुकलं होतं की ही युक्ती चालते.

म्हणून संस्था चालवणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिले चोवीस तास कुठलाही निर्णय जाहीर करू नका. आलेल्या ईमेलचे विषय आणि पहिल्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा, एकाच साच्यातले किती ते मोजा. तक्रार करणारे खरंच तुमचे ग्राहक, वाचक, विद्यार्थी आहेत का ते बघा. आणि त्या कर्मचाऱ्याला सगळ्यात आधी फोन करा, चौकशीच्या सुरात नव्हे. "तू ठीक आहेस ना, आम्ही इथे आहोत" हे वाक्य त्या दिवशी पगारापेक्षा मोठं असतं.

बातमी करणाऱ्यांसाठी

माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

"नेटकऱ्यांनी घेतला चांगलाच समाचार." "नेटकरी संतापले." "ट्रोल झाली आणि..." हे मथळे आपण रोज वाचतो. कोण हे नेटकरी? किती जण? बातमीत तीन एम्बेड केलेल्या पोस्ट असतात, त्यातल्या एखाद्याला जेमतेम चाळीस फॉलोअर. मोहीम चालवणाऱ्यांना हेच हवं असतं. त्यांच्या ग्रुपमधला मजकूर बातमी झाली की हजारांपर्यंत जातो, आणि 'लोक संतापले' असा शिक्का फुकटात मिळतो. संशोधक व्हिटनी फिलिप्स यांनी २०१८ मध्ये डेटा अँड सोसायटी या संशोधन संस्थेसाठी पत्रकारांशी बोलून अहवाल लिहिला. त्यातली कसोटी मला फार उपयोगी वाटते: विषय त्या एका गटाच्या बाहेर खरोखर पोचला आहे का? पोचला नसेल तर बातमी करून आपणच त्याला बाहेर काढतो.

बातमी करायचीच असेल तर आधी मोजा. हॅशटॅगवरच्या दोनशे पोस्ट घ्या, वेगळी खाती किती, कधी उघडलेली, मजकूर सारखा किती. दुपारभराचं काम आहे. पत्रकार मारिया रेसा यांच्या रॅप्लर या बातम्यांच्या संकेतस्थळानं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्समधल्या खोट्या खात्यांवर मालिका केली, तेव्हा २६ बनावट खात्यांचं जाळं सुमारे ३० लाख लोकांपर्यंत कसं पोचू शकतं हे मांडलं. त्यानंतर रेसा यांना तासाला सरासरी ९० द्वेषाचे मेसेज येत होते. तिथेही त्यांनी तोच मार्ग धरला, मेसेज जपले आणि मोजले. पुढे संशोधकांनीही त्या हल्ल्याचा अभ्यास केला.

मथळ्यात खोटा आरोप नको. ज्याच्यावर हल्ला झाला त्याचा पत्ता, इमारतीचा फोटो, मुलांची नावं नकोत. हॅशटॅग शब्दशः लिहायची गरज नसते. धमकीला 'वाद' म्हणू नका. वादाला दोन बाजू असतात, "घरी येऊन मारू" याला दुसरी बाजू कुठून आणणार? प्रतिक्रियेसाठी फोन करताना "तुमच्यावर टीका होतेय, काय म्हणाल?" एवढंच विचारू नका. आत्ता बोलायची स्थिती आहे का आणि नाव छापलं तर धोका वाढेल का, हे विचारा.

स्वतःच्या बातमीदारांचंही बघा. गार्डियननं २०१६ मध्ये आपल्याच संकेतस्थळावरच्या सात कोटी कमेंट तपासल्या. सर्वाधिक शिवीगाळ सोसणाऱ्या दहा लेखकांत आठ स्त्रिया होत्या आणि दोन कृष्णवर्णीय पुरुष. दहा जणांच्या त्या यादीत गोरा पुरुष एकही नव्हता. युनेस्कोसाठी २०२० मध्ये झालेल्या पाहणीत ७३ टक्के महिला पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं, आणि २० टक्के जणींवर त्याच्याशी जोडलेला हल्ला प्रत्यक्षातही झाला होता. तेव्हा "हे या क्षेत्रात चालायचंच" असं म्हणणाऱ्या संपादकानं निदान तिचा इनबॉक्स वाचायला एक माणूस द्यावा.

ग्रुप आणि मित्रमंडळींसाठी

पाठिंब्याच्या नावाखाली होणारं नुकसान मी जवळून पाहिलंय. "हे बघ तुझ्याबद्दल काय लिहिलंय" म्हणत स्क्रीनशॉट पाठवणारे, हल्ल्याची पोस्ट कोट करून "किती घाणेरडी माणसं" लिहिणारे, "नक्की झालं काय गं?" विचारणारे पन्नास जण. कोट केल्यानं ती पोस्ट तुमच्या सगळ्या फॉलोअरना दिसते. उलट डॉक्सिंग तर कधीच नको. नाव चुकलं तर तुम्ही एका निरपराध माणसावर तेच केलेलं असतं.

मग काय करायचं? २०१४ च्या जूनमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया असल्याचं भासवणारी तोतया खाती उघडून 'फादर्स डे बंद करा' असा हॅशटॅग चालवला गेला, त्यांची आणि स्त्रीवादाची बदनामी व्हावी म्हणून. शफीका हडसन या कृष्णवर्णीय स्त्रीवादी बाईंना त्या खात्यांची भाषा खटकली. आपल्या बोलीची नक्कल करताना ती फसत होती. त्यांनी 'तुझा परकर दिसतोय' अशा अर्थाचा हॅशटॅग काढला आणि इतर जणींनी त्याखाली एकेक बनावट खातं आणून मांडलं. इनाशा क्रॉकेट यांनी माग काढला तेव्हा मूळ फोरचॅन या निनावी चर्चास्थळावर सापडलं. आपली भाषा आपल्यालाच कळते, ती नक्कल बाहेरच्या कुठल्या यंत्राला तेव्हा ओळखता आली नसती. तुमच्या समूहातही अशी खोट तुमच्याच कानाला आधी लागेल. ती नोंदवा, एकत्र आणा.

दुसरी वाट स्वीडनमधली. २०१६ मध्ये मीना डेनर्ट यांनी 'मी इथे आहे' अशा अर्थाच्या हॅशटॅगभोवती गट उभा केला, पुढे जर्मनीतही तसाच सुरू झाला. सदस्य द्वेषानं भरलेल्या कमेंटच्या रांगेत जातात, सभ्य आणि माहितीपूर्ण प्रतिक्रिया लिहितात आणि एकमेकांच्या प्रतिक्रियांना लाइक देतात, म्हणजे त्या वर येतात. शिवी देणाऱ्याचं मन वळवायचा त्यांचा प्रयत्न नसतो. गप्प राहून वाचणाऱ्याला दुसरा आवाज ऐकू यावा, एवढाच हेतू असतो.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर नवे सदस्य दोन आठवडे मंजुरीशिवाय घेऊ नका, आणि अशा काळात रात्री पोस्टिंग बंद ठेवा. आम्ही ॲडमिन झोपलेले असताना सगळं घडायचं.

आणि त्या व्यक्तीला मेसेज करायचा असेल तर असा करा: "उत्तर देऊ नकोस. संध्याकाळी सातला डबा घेऊन येते. कुठला फोन किंवा ईमेल मी बघू, तेवढं सांग." प्रश्न एकच, आणि तोही कामाचा.

ओसरल्यावर

बहुतेक मोहिमा काही दिवसांत उतरतात, पण लाट परत येते, तुमची नवी पोस्ट, जुनी तारीख, कुणाचं तरी भाषण असं काहीही निमित्त होऊन. महिन्यानं आणि पुन्हा तीन महिन्यांनी स्वतःचं नाव, नंबर आणि पत्ता शोधून बघा. मित्रानं शोधला तर अधिक बरं. बंद केलेल्या कमेंट एकदम उघडू नका, आधी ओळखीच्यांपुरत्या. तक्रारीचा क्रमांक, कुणाशी बोललात आणि कधी, हे शीटच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवा.

मैत्रिणीनं फोन दहाव्या दिवशी परत घेतला. शीट मात्र तिच्या लॅपटॉपवरून काढून आम्ही पेन ड्राइव्हवर घेतली, आणि तो पेन ड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. लागली तर ती मागेल. अजून मागितलेली नाही.